सोळांत सोळावा

गोव्यातल्या मयेच्या सगुण नार्वेकरांनी जन्मात एकदाच फुटबॉलला पाय लावला होता, आणि तोही चुकून. शाळेत असताना चेंडू घरंगळत त्यांच्यापाशी आला, त्यांनी डोळे मिटून लाथ मारली आणि तो शेजारच्या विहिरीत जाऊन पडला. त्यानंतर साठ वर्षं त्यांनी त्या खेळाला लांबूनच नमस्कार केला. असा माणूस डिचोली आणि पेडणे अशा दोन तालुक्यांतल्या खेळाडूंचं मोल ठरवतो, हे कोणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. खुद्द सगुणमास्तरांनाही ते अधूनमधून पटत नसे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते एका वाचनालयात एकतीस वर्षं कारकून होते. पण सदा हातात पुस्तक, नाकावर जाड चष्मा, आणि चार माणसांत बोलायची वेळ आली की कानाच्या पाळ्या लाल. लोकांनी मास्तर म्हणायला सुरुवात केली आणि त्यांचं ‘मी मास्तर नव्हे’ म्हणायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

भात कापून मळे मोकळे झाले, की डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत आठ गावांचे संघ एकमेकांशी दोनदोनदा खेळत. या सामन्यांवर ‘फँटसी’ चालवायची कल्पना मयेच्या उदय क्लबचा सेक्रेटरी गुरुदास याची. व्हॉट्सॅपच्या ग्रुपवरच्या प्रत्येकाने आठ संघांतून आपल्या पसंतीचे अकरा खेळाडू निवडायचे. एक गोलकीपर हवाच, बाकी मर्जी. प्रत्येक खेळाडूला एक किंमत लावलेली, आणि अकरा जणांची बेरीज शंभरावर जाता कामा नये. मग तो खेळाडू मैदानात जे करील त्याचे गुण आपल्याला. सामना खेळला की एक, गोल मारला की पाच. संघावर एकही गोल झाला नाही, तर गोलकीपरला आणि बचावातल्यांना चार. हे सगळं लिहून ठेवायला चिकाटीचा माणूस हवा होता. गुरुदासने मास्तरांना गाठलं आणि मास्तरांना नेहमीप्रमाणे नाही म्हणता आलं नाही.

पण एकदा हातात घेतल्यावर ते त्यात रमले. त्यांचं खरं काम हंगाम संपल्यावर सुरू व्हायचं. पुढच्या वर्षासाठी किमतींची नवी यादी करायची. पहिल्या वर्षी त्यांनी ज्याचे गुण जास्त त्याची किंमत जास्त असं केलं, आणि सगळे गोलकीपर महाग होऊन बसले. मग विचार करता करता त्यांच्या लक्षात आलं, की एका गोलकीपरचे चाळीस गुण मोठे दिसतात खरे, पण कुठलाही गोलकीपर उचला, त्याचे अडतीस असतातच. म्हणजे याचं वेगळं मोल दोनच. तेव्हापासून ते प्रत्येक जागेचे खेळाडू वेगळे मांडत, त्यांतला मधला, ना चांगला ना वाईट, असा धरत, आणि बाकीचे त्याच्यापेक्षा किती वर, किती खाली ते पाहत. जागा बदलली की मोजायची काठी बदलते. हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, आपलं आपण शोधलं होतं, आणि म्हणूनच त्यांचा त्याच्यावर पुरता विश्वास बसत नसे.

दुसऱ्यांचा मात्र बसला होता, आणि घात झाला तो तिथेच.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी त्यांनी यादी ग्रुपवर टाकली. शनिवारी सकाळी ते ओसरीवर कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसले होते. चहात उंडा, म्हणजे गोल पाव, बुडवून खात खात ती यादी पुन्हा तपासत होते. त्यांची बायको पद्मावती समोरच्या पायरीवर कोकमाची सोलं निवडत बसली होती. नवरा कधी मैदानावर गेला नाही, पण हिने एक सामना चुकवला नव्हता. तिच्या बहिणीचा मुलगा उदयकडून खेळे, म्हणून ती पहिल्यांदा गेली आणि मग खेळाचीच गोडी लागली. ती फँटसीतही होती. यंदा चौथी आली होती.

“वाचा बघू मोठ्यान,” ती म्हणाली.

मास्तर वाचू लागले. पुढच्या फळीचे सोळा जण. मधल्याचे गुण चव्वेचाळीस. “सोळावा, म्हणजे शेवटचा, धाकू गवस, उदय. गुण बावीस. मधल्यापेक्षा बावीस कमी.”

पद्मावतीचा हात थांबला. “सोळावो? धाकू? तुमचा डोक्या ठिकाणार आसा मां?”

“बारा सामने, दोन गोल. बेरीज बरोबर आहे.”

“अहो, तो गोल मारूक कित्याक जायत? तो आपल्या गोलाच्या तोंडार उभो रवता. भिंत कशी!”

“नऊ नंबर ना त्याचा?”

“नंबर नऊ. म्हणान काय झाला?”

मास्तरांच्या हातातला उंडा चहात विरघळून गेला.

प्रकार असा होता. मास्तर खेळाडूंच्या जागा ठरवत त्या शर्टाच्या नंबरावरून. एक म्हणजे गोलकीपर, दोन ते पाच बचाव, नऊ आणि दहा पुढची फळी. हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं आणि गावोगावी अजून तसंच चाललं होतं. पण यंदा म्हापशाच्या एका कापडवाल्याने उदयला अठरा शर्ट देणगी दिले. ते बहुतेक सगळे मध्यम मापाचे निघाले. मोठे फक्त दोन, एक नंबरचा आणि नऊ नंबरचा. एक नंबर गोलकीपरचा. राहिला नऊ. आणि धाकूच्या खांद्यांवर दुसरा कुठला शर्ट चढतच नव्हता.

“हे मला कोणी सांगितलं का नाही?” मास्तर म्हणाले.

“तुमी विचारलात?”

ते तसेच उठले आणि वही उघडून बसले. धाकू खेळलेल्या बारा सामन्यांपैकी आठांत उदयवर गोलच झालेला नाही. आठ चोक बत्तीस. बावीस आणि बत्तीस चोपन्न. बचावातला मधला खेळाडू चौतीसवर. म्हणजे धाकू मधल्यापेक्षा वीस वर! दोन तालुक्यांतल्या बत्तीस बचाववाल्यांत पहिला. धाकू नव्हता ते दोन सामने त्यांनी काढले. एकात चार गोल झाले होते, एकात तीन. बाकीच्या बारा सामन्यांत मिळून पाच. आकडे ओरडून सांगत होते, आणि चार महिने ते मास्तरांच्याच वहीत गप्प पडून होते.

ही चूक कागदावरची कागदावर राहिली असती तर मास्तर फक्त स्वतःला कोसून मोकळे झाले असते. पण यंदा क्लबच्या डोक्यात वेगळंच होतं. क्लबच्या मागे बाहेरगावच्या खेळाडूंसाठी खोल्या होत्या. चार खेळाडूंना त्या दिलेल्या, पण एक खोली गळायला लागली होती, म्हणून पुढच्या वर्षी तिघांनाच ठेवायचं ठरलं होतं. कोणाला काढायचं यावर मागच्या बैठकीत चार तास भांडण झालं आणि एक खुर्ची मोडली. तेव्हा गुरुदासने तोड काढली. मास्तरांची यादी येऊ दे, चौघांत जो तळाला तो जाईल, म्हणजे कोणी कोणाचं नाव घ्यायला नको.

चौघांत तळाला धाकू होता. दोडामार्गकडचा. त्याचा बाप खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. खाणी बंद झाल्याला वर्ष उलटून गेलं होतं, बाप गावी परतला होता. धाकूला मयेच्याच शाळेच्या छोट्या बसवर काम मिळालं होतं. सकाळी सहाला बस काढायची, म्हणजे राहणं इथेच हवं. बायको, आई आणि पाच महिन्यांची मुलगी घेऊन तो त्या खोलीत राहत होता. बैठक रविवारी होती. म्हणजे दुसऱ्याच दिवशी.

मास्तर छत्रीसुद्धा न घेता डिचोलीच्या बाजारात गुरुदासच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानात गर्दी होती. त्यांनी तीन गिऱ्हाइकांना पुढे जाऊ दिलं, चौथ्यालाही दिलं, आणि मग गुरुदासनेच विचारलं, “काय मास्तर, आज उन्हातान्हात?”

“यादी चुकली,” मास्तर म्हणाले. “माझी चूक. धाकू बचावाचा आहे. बचावात मोजला तर तो पहिला येतो.”

गुरुदासने मशीनचं झाकण बंद केलं. “तो मागे खेळतो हे मला ठाऊक आहे की. मी बघितलाय त्याला.”

“मग?”

“मग काय? यादीत तुम्ही लावलं, मला वाटलं तुमची काही पद्धत असेल. तुमचं ते मधला धरून वजाबाकी… मला कुठे कळतं?”

मास्तरांना या बोलण्यावर हसावं की रडावं ते कळेना. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं आणि त्यांनी न पाहता लिहिलेलं खरं! “अरे, मी सांगतोय ना आता? एवढं एक नाव बदल.”

“मास्तर, नाव बदलणं सोपं नाही. तुम्ही म्हणता तो बचावाचा. मग त्या आठ सामन्यांचे चार चार गुण ज्याच्या संघात धाकू होता त्याला द्यावे लागतील.”

“हंगामाचा निकाल तसाच राहू दे. फक्त किंमत बदलूया.”

“असं कसं? निकालात पुढचा आणि किमतीत मागचा? शांताराम सोडील मला? पहिला आलाय तो. आणि धाकू कोणाच्या संघात होता, ठाऊक आहे ना?”

मास्तरांना ठाऊक होतं. वहीत ते त्यांनीच लिहिलं होतं. एवढ्या मोठ्या ग्रुपमध्ये धाकूला एकाच माणसाने निवडलं होतं, कारण मैदानावर बसून गुण न मोजता नुसता खेळ पाहणारं एकच माणूस त्यात होतं. पद्मावती. शांतारामचे पाचशे बारा, पद्मावतीचे चारशे सत्त्याऐंशी. त्यात बत्तीस मिळवले की पाचशे एकोणीस.

“लोक काय म्हणतील?” गुरुदास हळूच म्हणाला. “हिशेबनिसाची बायको चौथी होती, यादी दुरुस्त झाली आणि पहिली आली.”

मास्तर घरी परतले ते घामाने निथळत. पद्मावतीसमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी चाचरत म्हणाले, “तू… तू आपलं नाव काढून घेतलंस तर?”

“मी कित्याक काढू?” ती उसळलीच. “मी उन्हात बसान बघलंय. तुमी घरात बसान लिवलात. चूक तुमची आणि नाव माझा काढायचा?”

“बक्षीस काय, एक स्टीलचं घमेलं आहे.”

“घमेल्याचा नाय वो माका!” ती म्हणाली, आणि बराच वेळ सोलांच्या सुपाशी उगाच खुडबुड करत राहिली. मग तिने आपणहून मोबाइल घेतला आणि ग्रुपवर बोलून टाकलं, “मी पद्मावती नार्वेकर. माझो संघ यंदाच्या फँटसीतून बाद धरा. मास्तर काय सांगतत ता मग नीट ऐका.”

पाच मिनिटांत उत्तरं आली. दोघांनी हसरे चेहरे पाठवले. एकाने सुप्रभात म्हणून गुलाबाचं चित्र टाकलं. आणि शांतारामने लिहिलं, “कोणी काही म्हणायच्या आधीच वहिनी बाद? काहीतरी शिजलंय नक्की.”

मास्तरांनी चष्मा काढून डोळे चोळले. काही करायला जावं तर पाय अधिकच खोलात.

रविवारी चार वाजता क्लबच्या पडवीत वीसेक माणसं जमली. मास्तर भिंतीला टेकून उभे. खिशात घडी घातलेला कागद, त्यावर सगळे आकडे. रात्री दोनदा, सकाळी एकदा मनातल्या मनात भाषण म्हणून झालं होतं. गुरुदासने विषय काढला, “मास्तरांना काही सांगायचंय,” आणि वीस तोंडं त्यांच्याकडे वळली. भाषण कुठल्या कुठे उडालं.

“धाकू गवस,” ते म्हणाले. “तो… म्हणजे मी त्याला पुढच्या फळीत धरला. शर्टावरून. तो मागचा आहे. मागचा धरला तर चोपन्न होतात. मधला चौतीस. म्हणून वीस.”

“मोठ्यान बोला!” मागून कोणीतरी म्हणालं.

“वीस!” मास्तर ओरडले, आणि लोक हसले.

शांताराम उठला. तो निवृत्त बस कंडक्टर, आवाज असा की शेवटच्या सीटवरचाही दचकावा. “मास्तर, एक सांगा. परवाच्या यादीवर सही कोणाची?”

“माझी.”

“आणि आजच्या कागदावर?”

“माझीच.”

“म्हणजे परवाचे सगुण नार्वेकर खोटे, आजचे खरे. आणि उद्याचे काय म्हणतील, ते उद्या कळणार. बरोबर?”

पडवी खदखदून हसली. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. तरी ते म्हणाले, “धाकू नव्हता त्या दोन सामन्यांत सात गोल झाले. बाकी बारांत पाच.”

“त्यातल्या एका दिवशी गोलकीपरला ताप होता,” कोणी म्हणालं.

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशी समोर हरमलवाले होते. त्यांच्याकडून कोणीपण खातो गोल.”

“तुम्ही सगळे मैदानावर असता ना?” मास्तर जवळजवळ विनवणी करू लागले. “मी नसतो. तुम्ही पाहिलंय तो कुठे खेळतो. माझा कागद बाजूला ठेवा, तुम्ही पाहिलंय ते सांगा!”

सगळ्यांनी पाहिलं होतं. पण ‘धाकूला ठेवा’ म्हणायचं म्हणजे ‘दुसऱ्याला काढा’ म्हणायचं, आणि त्या दुसऱ्या तिघांतला एक शांतारामच्या भाच्याचा दोस्त, एक गुरुदासच्या दुकानासमोर राहणारा, तिसऱ्याची सासुरवाडी गावातच. यादी असल्यामुळे कोणाला तोंड उघडावं लागत नव्हतं. मास्तरांना तेव्हा कळलं, की या लोकांचा विश्वास आपल्या हिशेबावर कधीच नव्हता. त्यांना फक्त आडोसा हवा होता, आणि तो मास्तरांनी स्वतःच्या हाताने शिवून दिला होता.

“यादी ती यादी,” गुरुदास मान खाली घालून म्हणाला. “मेअखेर खोली रिकामी करायची, असं लिहितो.”

मास्तर पडवीतून उतरले ते घरी न जाता मागच्या बाजूला वळले. धाकू खोलीच्या दारात मुलीला खांद्यावर टाकून फेऱ्या घालत होता. आत त्याची आई चूल फुंकत होती. बैठकीचा निकाल त्याच्यापर्यंत आधीच पोचला होता. पडवी ते खोली अंतर ते किती.

“धाकू, चूक माझी,” मास्तर म्हणाले, आणि खिशातला कागद काढून त्याच्यापुढे धरला. “हे बघ. तू पहिला आहेस. बत्तिसांत पहिला.”

धाकूने कागद घेतला, उलटसुलट पाहिला. “ह्या माझा नाव?”

“हो.”

“बरा लिवलात,” कागद परत देत तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मास्तरांना सोसवेना. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. “पण मास्तर, ह्या घेवन मी राहू खंय?”

एवढ्यात मास्तरांच्या खिशात मोबाइल वाजला. हरमलचा भिकाजी, तिथल्या संघाचा म्होरक्या. किनाऱ्याजवळ पर्यटकांना द्यायच्या त्याच्या खोल्या होत्या आणि भाड्याच्या स्कूटरी होत्या. तो फँटसीच्या ग्रुपवर होता, पण कधी काही लिहीत नसे.

“मास्तर, तुमच्या यादीतला तो नऊ नंबर सोडला म्हणे उदयने? आमचा पुढचा खेळाडू दुबईला गेला. मला पुढे खेळणारा हवा. तुमच्या यादीत हा शेवटचा, म्हणजे कोणी ओढाताण करायला येणार नाही. मागच्या बाजूची खोली देतो, स्कूटरींवर काम देतो. पोराला विचारा.”

“भिकाजी, थांब,” मास्तर म्हणाले. आज दुसऱ्यांदा त्यांचा आवाज चढला. “तो पुढचा नव्हेच! यादी चुकली आहे. तो…”

“असं? मग मागचे माझ्याकडे चार आहेत. मागचा नको मला. बघा हां, पुढचा असेल तरच.”

मास्तरांनी मोबाइलवर हात धरला आणि धाकूला काय ते सांगितलं. बोलताना त्यांना वाटत होतं, हा म्हणेल, मी मागचा आहे, मला माझ्या जागेवर घ्या. निदान एक माणूस तरी तसं म्हणेल.

धाकूने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “खोली आसा म्हणता?”

“आहे. पण तुला तो पुढे खेळवणार. तू गोल मारणारा नव्हेस. पाच सामन्यांत त्याच्या लक्षात येईल.”

“येवं दे. पाच सामने म्हणजे दीड महिनो. त्याच्या अगोदर आख्खो पावसाळो,” धाकू म्हणाला. “मास्तर, त्याका काय सांगू नकात. हात जोडतंय.”

आत आईने चूल फुंकणं थांबवलं होतं. मास्तरांच्या एका हातात मोबाइल, दुसऱ्यात तो कागद. चार महिन्यांत केलेलं त्यांचं एकमेव बिनचूक काम त्या कागदावर होतं, आणि आता त्याचा उपयोग एवढाच की तो कोणाला दाखवायचा नाही. उदयवाल्यांपुढे खरं सांगताना त्यांची जीभ वळत नव्हती. आता ती वळत होती, तर ते खरं गिळायची पाळी.

“हॅलो? मास्तर? आहात ना?” भिकाजी विचारत होता. “पुढचाच ना तो?”

“यादीत तसंच आहे,” मास्तर म्हणाले.

“झालं तर मग! तुमची यादी म्हणजे काय, बघायलाच नको.”

घरी पोचले तेव्हा पद्मावती दारातच उभी होती. “सांगितलात?”

“सांगितलं.”

“मानली त्यांनी तुमची यादी?”

मास्तरांनी पायांतल्या चपला काढल्या, नीट जोडून भिंतीशी ठेवल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले, “सगळ्यांनी मानली! एकाने म्हणून नाही म्हटलं नाही!”